दुपारी दोन ते चार

या आठवड्यात दुकानातल्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या दुपारी एकमेकींना चिकटायला लागल्या. मशीनच्या तोंडाशी शाई वाळते आणि तासातासाला पुसावी लागते. समोरच्या फुलवाल्याने मोगऱ्याच्या टोपलीवर ओलं गोणपाट टाकलं आहे. लालबागमध्ये उन्हाळा आला हे मला एवढ्यावरून कळतं. मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा येतो तो नंतर. दुकानात एसी आहे, पण तो मशीनसाठी. त्याच्या झोताच्या वाटेत खुर्ची कुठे ठेवायची हे मी वीस वर्षांत शिकले आहे.

आम्हा बॅनरवाल्यांची सुगी हीच. पाडवा, चौदा एप्रिल, एक मे, मग दहावी-बारावीचे निकाल. मधूनमधून वाढदिवस आणि मयत, ती बारा महिने असतात. आमच्याकडे बॅनर कोणी वाचत नाही. चालता चालता ओळखतात. गॉगल, कानाला फोन, मागे उगवता सूर्य आणि खाली तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची रांग असली, की वाढदिवस. मुलगी लाजून हसतेय आणि फोटो आधारकार्डावरून काढल्यासारखा दिसतोय, म्हणजे दहावीत चांगले मार्क. काळापांढरा फोटो, खाली नाव, बाकी रिकामी जागा, म्हणजे माणूस गेला. हे सगळं मला झोपेतसुद्धा करता येईल. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मात्र हे ज्ञान ऐन वेळी माझ्या कामी आलं नाही.

तो उन्हाळा लवकर सुरू झाला होता. होळी झाली आणि आठवड्याभरात नळाचं पाणी कोमट यायला लागलं. परळच्या आमच्या चाळीला तळमजला धरून पाच मजले. मी दुसऱ्या मजल्यावर जन्मले आणि अजून तिथेच राहते. दुसरा मजला हा उन्हाळ्यात बऱ्यापैकी बरा. डोक्यावर दोन मजल्यांची लोकं, त्यांच्या लाद्या, त्यांचे संसार, आणि त्या सगळ्यावर ऊन. आपल्यापर्यंत येईस्तोवर त्याची धार जाते. चौथ्या मजल्याला असं कोणी नाही. वर पूर्वी कौलं होती, ती गळायला लागल्यावर सिमेंटचे पत्रे आले. गळणं थांबलं म्हणून सगळे खूश झाले. कौलांच्या फटींमधून गरम हवा जायची, हे ती जाणं बंद झाल्यावर लक्षात आलं, आणि तेही फक्त चौथ्या मजल्याच्या.

तिथे कोपऱ्यातल्या खोलीत इंदूकाकी राहते. नवरा माझ्या वडिलांबरोबर गिरणीत, एकाच खात्यात होता. तो जाऊन खूप वर्षं झाली. मुलगी सावंतवाडीला दिलेली. लहानपणी मे महिना संपताना आम्ही पोरं तिच्या खोलीत जायचो, कारण ती गावाहून फणसाची साटं आणायची. खोलीत साटांचा, सुकटीचा आणि राखुंडीचा मिळून एक वास असायचा. तो आवडायचा असं म्हणता येणार नाही, पण आजही कुठे आला तर मी थांबते. काकीने आमच्याकडचं पाणी प्यायला पाच वर्षं घेतली असं आई सांगायची. मग एकदा प्यायली, आणि पुढची तीस वर्षं दोघी नळावर बरोबरीने भांडल्या. आई गेली तेव्हा काकी दोन मजले उतरून आली, चूल पेटवली, आणि कोणाला काही न विचारता सगळ्यांसाठी भात टाकला.

मे महिन्यात आमची अर्धी चाळ रिकामी होते. कोकणातली सगळी मंडळी गावी जातात, जिन्यात आवाज घुमतो. काकीही दर वर्षी एप्रिलच्या शेवटी जायची ती मृगापर्यंत यायची नाही. म्हणजे पत्र्याखालचा सगळ्यात वाईट महिना तिला कधी काढावाच लागला नव्हता. त्या वर्षी मात्र नोटीस लागली होती: पुनर्विकासासाठी घराघरात जाऊन सर्वे होणार. तारीख नव्हती. जो घरात सापडणार नाही त्याच्या नावापुढे शेरा पडणार, आणि शेरा पडलेल्या माणसाला नवीन जागेसाठी पुढे किती ठिकाणी उभं राहावं लागतं ते शेजारच्या दोन चाळींनी पाहिलं होतं. मुलगी तिकडून फोन करून सांगत होती, ये म्हणून. काकी म्हणाली, सर्वेवाला येऊन गेल्याशिवाय मी कुलूप लावणार नाही.

एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात ती जिन्यात चक्कर येऊन बसली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि सांगितलं, दुपारची वर राहू नका, या वयात पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. मी तिला दुपारी माझ्याकडे आणलं. दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, सर्वेवाला दुपारीच आला तर? आणि पुन्हा वर जाऊन बसली.

मग मी कदमांकडे गेले. कदम आमच्या कमिटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त, अक्षर मोत्यासारखं. चाळीच्या गेटवरचा काळा फळा तेच लिहितात आणि दुसऱ्या कोणाला खडू देत नाहीत. मी म्हटलं, पत्र्यांना वरून पांढरा चुना मारून घेऊ, ऊन परततं, खोली थोडी तरी निवते. अवघड काम नाही, रविवारी चार माणसं चढली तर होऊन जाईल.

"पाडायच्या बिल्डिंगला चुना?" कदम म्हणाले. "उद्या परवा सर्वे, मग सगळं खालीच यायचंय."

हे उद्या परवा आम्ही पंधरा वर्षं ऐकतोय. त्यापायी जिन्यातला बल्ब बदलला जात नाही आणि मोरीचं झाकण बसवलं जात नाही. पाडायची इमारत ही फार सोयीची गोष्ट असते, तिच्यात राहणाऱ्यांचं काहीच करावं लागत नाही.

त्याच आठवड्यात दुकानात मृण्मयी आली. दादरची मुलगी, डिझाइन शिकत होती. तिच्या गटाला हवामान बदलावर पोस्टर छापून परळ-लालबागमध्ये लावायची होती. फ्लेक्स नको, कापडावर छापाल का, म्हणाली. हे मला पटलं. पर्यावरण प्लॅस्टिकवर छापून घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. तिने लॅपटॉप उघडला. बर्फाच्या तुकड्यावर पांढरं अस्वल. घामाघूम झालेली पृथ्वी, तोंडात थर्मामीटर. वाळूचं घड्याळ, वर झाड आणि खाली राख. काम चांगलं होतं, रेषा स्वच्छ होती. मी विचारलं, हे बघून माणसाने करायचं काय?

"अवेअरनेस," ती म्हणाली.

"ते झाल्यावर?"

तिने पुन्हा एकदा अस्वलाकडे पाहिलं. हुशार मुलगी होती. मी सांगितलं, लालबागमध्ये अस्वल लावलंस तर लोक म्हणतील सर्कस आली. तरी तिने हट्टाने एक पृथ्वी छापून घेतली आणि आम्ही ती चाळीच्या गेटवर लावली. तीन दिवस होती. तिच्या दोरीवर कोणीतरी टॉवेल वाळत घातला.

चौथ्या दिवशी दुपारी अडीच वाजता मी मृण्मयीला घेऊन वर गेले. तिसरा मजला संपतो तिथे हवा बदलते. एखाद्या भट्टीचं दार उघडं राहिलं असावं तशी. काकी दारात बसली होती, डोक्यावर ओला पंचा. स्वयंपाक ती पहाटे पाचला उरकून टाकत होती, कारण नंतर गॅस पेटवणं शक्य नव्हतं. फडताळातलं खोबरेल पाण्यासारखं पातळ झालेलं. स्टीलच्या हंड्याला हात लावला तर मागे घ्यावा लागत होता. तिने लादीवर तांब्याभर पाणी ओतलं, फडक्याने पसरवलं आणि म्हणाली, बसा आता. आम्ही बसलो. पाणी आमच्या देखत वाळलं. मृण्मयीने फोटो काढायला फोन वर धरला, दोन फोटो निघाले, आणि मग फोनने स्वतःच सांगितलं की तो फार तापलाय, थंड होईपर्यंत चालणार नाही.

"तुझो फोन शहाणो आसा," काकी म्हणाली.

खाली उतरताना मृण्मयी जिन्यावर थांबली आणि म्हणाली, हेच पोस्टर. मला ते आधीच कळलं होतं. आमच्याकडे माणसं चित्राकडे बघत नाहीत, चेहऱ्याकडे बघतात. फोन निवल्यावर पुन्हा वर जाऊन काकीला विचारलं. तिने नऊवारी बदलली, केस बसवले, दारात खुर्ची ओढून बसली. तिची अट एकच: नाव पूर्ण आणि मोठं लिहायचं. आयुष्यभर तिचं नाव रेशनकार्डावर बारीक अक्षरात होतं.

संध्याकाळी दुकानात आम्ही दोघी डिझाइनला बसलो. पहिला प्रश्न रंगाचा. मागे भगवा घातला तर एका पक्षाचं, निळा घातला तर दुसऱ्याचं, हिरव्याबद्दल बोलायलाच नको. लाल तर आमच्या भागाचा जुनाच, अजून दोघे-चौघे लगेच चौकशीला येतील. कोणत्याही रंगाने आमच्याकडे बॅनर कोणाचा तरी होतो. मी म्हटलं, काळापांढरा कर, कोणाचाच होणार नाही. दुसरा प्रश्न मजकुराचा. तिने मोठं वाक्य लिहिलं होतं, वाढत्या तापमानापासून सुरू होणारं. मी ते काढायला लावलं. तिसरी गोष्ट तिच्या अभ्यासातली: पोस्टर बघून माणसाला पुढचं पाऊल नेमकं कळलं पाहिजे, जागा आणि वेळेसकट. तेही मला पटलं. शेवटी जे झालं ते असं: मधोमध काकीचा फोटो. खाली ठळक अक्षरात, श्रीमती इंदुमती सखाराम परब. त्याखाली लहान अक्षरात, आपल्या चौथ्या मजल्यावर पत्र्याखाली राहतात. आणि शेवटी, भेटा: चौथा मजला, दुपारी दोन ते चार.

आता हे लिहितानाही मला आश्चर्य वाटतं. वीस वर्षांत मी असे किती बॅनर केले असतील, आणि त्या संध्याकाळी स्क्रीनवर बघून मला फक्त एवढंच वाटलं की फोटो जरा डावीकडे सरकलाय.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी आम्ही तो गेटवर, फळ्याच्या वर बांधला. जागा नेहमीचीच. चाळीतल्या सगळ्यांचे बॅनर तिथेच लागतात, कोणत्याही कारणाचे.

शनिवारी सकाळी लवकर मी गिरगावात एका शाळेचं काम पोचवायला गेले. फोन पिशवीत होता. साडेबाराला काढला तर सव्वीस मिस्ड कॉल. पहिला फोन लावला तो चुलत बहिणीला. कसं झालं गं अचानक, तिने विचारलं. मी विचारलं, काय? मग तिने मला बॅनरचा फोटो पाठवला. कोणीतरी सहा वाजता दूध आणायला जाताना काढला होता, नावापर्यंत. त्याखालच्या ओळी कापून गेल्या होत्या. आमच्या ग्रुपवर एकाखाली एक जोडलेले हात उतरत होते. काकी बरी आहे असं मी लिहिलं, तेही त्या हातांखाली गेलं.

त्यानंतर सावंतवाडीचा फोन आला. काकीची मुलगी बोलत नव्हती, नुसती रडत होती. आईला फोन लावतेय, उचलत नाही, म्हणाली. काकी फोन लोणच्याच्या बरणीमागे ठेवते आणि विसरते. मी सांगितलं, ती बरी आहे, तो बॅनर मीच बनवला, आणि तो कशासाठी होता तेही सांगितलं. तिचं रडणं थांबलं. मग ती शांतपणे म्हणाली, होळीपासून मी सगळ्यांना सांगतेय की आई वर भाजतेय, आणि तुम्हाला मेल्याचा बॅनर लावल्यावर कळलं. मी म्हटलं, हो.

चाळीत पोचायला मला पावणेदोन झाले. फळ्यावर कदमांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: श्रीमती इंदुमती सखाराम परब यांचे दुःखद निधन झाले आहे. अंत्ययात्रेची वेळ मागाहून कळवण्यात येईल. वर जाऊन बघावं असं कोणालाच वाटलं नव्हतं. यात कदमांचाही तितका दोष नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाकी खोल्यांना कुलपं होती, आणि माझ्याकडचे ते दोन दिवस सोडले तर चक्कर आल्यापासून काकी खाली उतरलीच नव्हती. दहा दिवस कोणाला दिसलीच नव्हती, त्यामुळे ती गेली हे सगळ्यांना सहज खरं वाटलं. मला याचा राग आला, आणि मग आठवलं की त्या दहा दिवसांत, पोस्टर सोडलं तर, मीही वर गेले नव्हते.

बॅनरवर भेटायची वेळ दिली होती आणि आमची माणसं अशा बाबतीत वेळ पाळतात. जिन्यावर पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे ओळीने चढत होते. मी पुढे घुसायचा प्रयत्न केला, पण मयताच्या जिन्यावर कोणी कोणाला पुढे जाऊ देत नाही.

वर पोचले तर खोलीत आठ-दहा माणसं बसलेली. काकी मध्ये बसून सुकट निवडत होती आणि भलतीच खुशीत होती. तिला वाटलं होतं पोस्टर लागू पडलं. मला बघून म्हणाली, बघ गो, किती लोक इले. आलेल्यांची पंचाईत वेगळीच होती. कशासाठी आलो हे तिला तोंडावर सांगायचं कसं? आणि घरात शिरल्या शिरल्या परत फिरायची आपल्यात पद्धत नाही, तेही पांढरे कपडे घालून. त्यामुळे सगळे बसून राहिले. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. शेजारच्या चाळीतली एक बाई पदराने वारा घेता घेता भिंतीला टेकली आणि चटका बसल्यासारखी पुढे आली. कोणी पाणी मागितलं. काकीने माठातलं दिलं आणि पुन्हा सुकट निवडायला लागली. दोन पुरुष उठून गॅलरीत गेले, तिथे वर पत्राच, ते पुन्हा आत आले. जिन्यात मागे उभे असलेले विचारत होते, काय झालं, बाहेर का येत नाहीत कोणी.

तेवढ्यात कदम आले, हातात मोगऱ्याचा हार घेऊन. गर्दीने वाट दिली. दारात ते थांबले. काकीने हाराकडे पाहिलं, मग खोलीभर पसरलेल्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळायला फार वेळ लागला नाही.

"मी अजून मरूक नाय, कदमानू," ती म्हणाली. "इलास तर बसा."

कदम बसले. खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर, पंख्याच्या बरोबर खाली. त्यांचा सदरा पाच मिनिटांत पाठीला चिकटला. पंखा जरा वाढवता का, असं त्यांनी विचारलं. काकी म्हणाली, ह्योच मोठो. तिने त्यांच्या हातातून हार घेतला, फुलं बरी आहेत म्हणाली आणि खिळ्याला अडकवला. मग आम्ही सगळे काही करण्यासारखं नसल्यामुळे हाराकडे बघत राहिलो. माझ्या दुकानासमोरच्या फुलवाल्याकडचा ताजा मोगरा होता तो. अर्ध्या तासात त्याच्या कडा चहासारख्या झाल्या.

मग कदम उठले. खाली गेले, स्वतःच्या रुमालाने फळा पुसला, आणि खडू घेऊन लिहिलं: रविवारी सकाळी सहा वाजता पत्र्यांना चुना मारण्यात येईल. प्रत्येक घरातून एक माणूस. निधनाबद्दल एक शब्दही नाही, चूक झाली असंही नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मृण्मयी संध्याकाळी धावत आली. तिला रडायचं होतं. मी तिला दुकानातच थोपवलं, मग वर नेलं. काकीने विचारलं, जेवलीस का. मृण्मयीने माफी मागितली, काकीने ती ऐकली आणि पुन्हा जेवणाचं विचारलं.

रविवारी चुना लागला. पत्र्यावर सरळ उभं राहता येत नाही, फुटतो. म्हणून फळ्या टाकल्या आणि त्यांच्यावर हलकी हलकी माणसं चढवली. मी आणि शेजारच्या चाळीतली ती बाई खाली पिंपात चुना आणि डिंक ढवळत होतो. हात आठवडाभर सोलवटलेले राहिले. कदम वर चढले नाहीत, पण कोणत्या घरातून माणूस आला नाही याची यादी त्यांनी फळ्यावर लावली, आणि ती यादी पोस्टरपेक्षा प्रभावी ठरली. नऊ वाजेपर्यंत काम आटपलं. खोली काही थंडगार झाली नाही. भिंतीला टेकता यायला लागलं, दुपारी लादीवर आडवं होता यायला लागलं, एवढंच. काकीला तेवढं पुरे होतं.

मृण्मयी आता नोकरी करते. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला, एका ठिकाणी त्या पोस्टरबद्दल बोलायचंय, तुमच्या मते ते का चाललं. ती स्वतः अजून म्हणते की ते डिझाइनमुळे झालं नाही, चुकीमुळे झालं. मी कळवलं की वेळ तू घातली होतीस आणि वेळ बरोबर होती. लोक सकाळी दहाला आले असते तर काकी बरी आहे बघून, नमस्कार करून, चांगली हवा येते हो इथे, असं म्हणून गेले असते. आणि हेही कळवलं की असं पुन्हा करू नकोस. त्या सावंतवाडीच्या फोनचं ओझं मला नीट आठवतं.

त्यानंतर तिच्या गटाबरोबर मी दोन-तीन कामं केली. वरळी कोळीवाड्यात त्यांनी बुडणाऱ्या घरांचं चित्र आणलं होतं. तिथली एक कोळीण ते बघून म्हणाली, आमचंच घर आम्हाला काय दाखवतेस, पाणी कुठवर येतं ते आमच्या पायरीवर लिही. मग कापड गुंडाळून ठेवलं आणि रंगाचा डबा घेऊन पायऱ्यांवर रेघा मारल्या. माझ्या मशीनला त्यात काही काम नव्हतं. धंद्याच्या दृष्टीने वाईट, पण बाई म्हणत होती ते खरं होतं.

पृथ्वी तापतेय हे मला मान्य आहे. त्यावर माझं मत कोणी विचारत नाही आणि विचारलं तरी त्याने काही फरक पडत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की आम्ही एकाच जिन्याने चढणारी माणसं होतो आणि दोन मजल्यांवर दोन वेगळे उन्हाळे होते. खालच्यांना वरचा माहीत नव्हता. आता चुना पावसात धुऊन जातो आणि दर एप्रिलमध्ये पुन्हा लागतो, आणि कशामुळे लावायला लागलो हे नवीन भाडेकरूंना माहीतही नाही. तेही ठीकच आहे.

सर्वे त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. दुपारी पावणेतीनला, काकीने म्हटलं होतं तसाच. मी घरी जेवायला आले होते म्हणून बरोबर वर गेले. दोघे होते, एकाच्या हातात टॅब, दुसऱ्याकडे कागदांचा गठ्ठा. खालचे मजले त्यांनी उभ्या उभ्या उरकले होते आणि दोघांचे चेहरे लाल झाले होते. अर्ध्या घरांना कुलपं, त्यांच्यापुढे शेरे मारून झाले होते, माणसं गावी गेलेली. काकी लादीवर आडवी झाली होती. हाक मारल्यावर उठली, पदर नीट केला, आणि कागदपत्रांची पिशवी उशाखालून काढून त्यांच्यापुढे ठेवली. टॅबवाल्याने विचारलं, या खोलीत कोण राहतं?

"मी," काकी म्हणाली.

अजून कोण?

"मीच."

त्याने तिचा फोटो काढला, अंगठा घेतला. उन्हाने कोरडा पडलेला अंगठा पहिल्या दोन वेळा उमटला नाही. तिने तो माठाखालच्या ओल्या फडक्यावर टेकवला आणि तिसऱ्यांदा उमटला. दुसऱ्याने कागदावर लिहिलं आणि खात्रीसाठी मोठ्याने वाचून दाखवलं: भोगवटादार, समक्ष हजर. तिने मान हलवली. त्याने सही केली आणि दोघे जिना उतरायला लागले.

त्यांची पावलं तिसऱ्या मजल्याच्या खाली गेली तशी तिने कॉटखालून पिशवी ओढली. कपडे भरलेलेच होते. पिशवीवर एक कुलूप ठेवलं होतं, नवीन, अजून कागदात.

"माका आता गावाक जावचा आसा," ती म्हणाली. "तू उद्याची गाडी बघ."